पैलवानाच्या पोटऱ्या

“डॉक्टर, न धावता पोटऱ्या जाड करायची गोळी मिळते का?”

दाराबाहेर तिघी मैत्रिणी तोंडावर हात दाबून खिदळल्या. शाळेच्या आरोग्य तपासणीत हे विचारून दाखव, अशी पैज लागली होती. तिने ती जिंकली.

डॉक्टरबाई हसल्या. “कोणाच्या पोटऱ्या बघून आलीस?”

“माझ्या भावाच्या! पाच वर्षांचा आहे. बूड हलवत नाही. पायऱ्या दिसल्या की बाबांच्या कडेवर. उद्या माझी शर्यत आहे, मी रोज मैदानाला दहा फेऱ्या मारते, तरी माझ्या काड्याच. आणि साहेबांचे पाय बघा, फुटबॉलवाल्यासारखे!”

ती एकदा सुरू झाली की थांबायची नाही. खिडकीची जागा, नवा टॉवेल, बाबांचा खांदा, घरात सगळ्यात पहिला नंबर त्याचा. बाबा सुतार. गिऱ्हाईक आलं की भावाला रंधा मारायच्या बाकावर उभं करायचे. “बघा आमचा पैलवान!” आई शिवणकाम करायची. ती त्याच्या विजारी पोटरीपाशी उसवून सैल करायची, तेही कौतुकाने. हिने धावून मिळवलेला कप मात्र खिळ्यांच्या डब्यामागे.

“जमिनीवरून कसा उठतो गं तो?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

ही तर तिची हुकमी नक्कल. ती फरशीवर बसली. ओणवी झाली, बूड वर केलं, हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखी उभी राहिली. “घरी सगळे टाळ्या वाजवतात. उठले आमचे आजोबा!”

मैत्रिणी फक्त लोळायच्या बाकी होत्या. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं.

“त्याला उद्याच दवाखान्यात आणा,” त्या घरी द्यायची चिठ्ठी लिहीत म्हणाल्या. “कधीकधी पोटरी जाड दिसते, पण स्नायूंतली ताकद जात असते. नुसतं बघून नक्की सांगता येत नाही, रक्त तपासावं लागतं. असे काही आजार घराण्यात उतरतात. पुढे कदाचित आईचं आणि तुझंही तपासावं लागेल. उशीर करू नका.”

संध्याकाळी बाबांनी ती चिठ्ठी वाचली आणि बाकावर टाकली. “त्याच्या पायांवर किती डोळा तुझा! इतकी जळतेस भावावर?”

“हो, जळते!” ती ओरडली. “म्हणून तर त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त लक्ष असतं माझं. गेल्या वर्षी माझ्या आधी जिना चढून खिडकी पकडायचा. आता चौथ्या पायरीवर हात वर करतो. तुम्हाला ते लाड वाटले, मला नाटक वाटलं.”

शिलाई मशीन थांबलं. “विजार हल्ली मांडीत ढिली होते त्याची,” आई हळूच म्हणाली.

खाली फरशीवरून पैलवान गुडघ्यांवर हात टेकून उठत होता. कोणी टाळी वाजवली नाही.

“मी ठरवलंय,” ती म्हणाली. “उद्याची शर्यत गेली खड्ड्यात. मी दवाखान्यात येणार. तो सुईला घाबरतो, म्हणून माझंही रक्त काढायला सांगणार. आणि सुई आधी मला टोचायची. दर वेळी पहिला नंबर त्याचाच का?”