हात न बघता

अमरसिंहाने गहिनीनाथचा उजवा हात मनगटाला धरून ऐरणीवर दाबला. दोन गड्यांनी म्हाताऱ्याला मागून आवळून धरलं होतं आणि तिसरा दारात उभा राहून मोबाइलवर सगळं टिपत होता. पायाशी फाडलेलं खोकं पडलं होतं, पत्त्याची चिठ्ठी अजून त्याला चिकटलेली. खोक्यातून निघालेला कोरा कोयता अमरसिंहाच्या दुसऱ्या हातात होता. गहिनीनाथच्या बायकोने, विमलबाईने, तो लांबूनच ओळखला. त्या पात्यावर तिनेच घण घातले होते. आत्ता मात्र ती कोळशाच्या ढिगावर पडली होती, कमरेत बसलेल्या लाथेने तिला धड बसताही येत नव्हतं.

"बघ बे म्हाताऱ्या," अमरसिंह म्हणाला. "हात न दाखवता आला. गड्याच्या नावावर, चार दिवसांत, घरपोच."

कडा गावच्या ह्या लोहाराचा एक हट्ट होता. त्याची लेक मनिषा मोबाइलवर त्याच्या कोयत्यांच्या रील टाकायची. एका घावात ऊस खाली, दुसऱ्या घावात शेंडा गायब. बघणारे वेडे व्हायचे. पण कोयता मागणारा मेसेज आला की गहिनीनाथ आधी गिऱ्हाइकाच्या हाताच्या तळव्याचा फोटो मागायचा. घट्टे दिसले तर कोयता, नाही तर राम राम. अमरसिंहाला पाच कोयते हवे होते. घरच्या पन्नास एकरांत ह्या पठ्ठ्याने कधी इकडची काडी तिकडे केली नव्हती. भागवत सरपंचाशी त्याचं वाकडं होतं आणि कोयते कशाला हवेत ते शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. त्याने मस्करीत तळव्याचा फोटो पाठवला. गहिनीनाथने रीलखाली, सगळ्यांदेखत, मनिषाला उत्तर लिहायला लावलं, 'मालक, ह्या हातानं ऊस तुटायचा न्हाई.' तीनशे जण हसले. ते हसणं अमरसिंहाच्या जिव्हारी लागलं.

पण लोकांच्या हसण्याने घर चालत नाही. रील बघायला लाख माणूस आणि कोयता घ्यायला दहा. 'भाऊ, किंमत?' एवढं विचारून मंडळी पसार व्हायची. शेवटी दसऱ्याला विमलबाईनेच मनिषाच्या मागे लागून मोठ्या ऑनलाइन बाजारात दुकान टाकायला लावलं. तिथे गिऱ्हाइकाचं नाव, गाव, पिनकोड दिसे, तळवा नाही. महिन्यात दीडशे कोयते गेले, पार कर्नाटकातल्या उसाच्या फडांपर्यंत.

दुकान टाकलं तेव्हाच गहिनीनाथने घर डोक्यावर घेतलं होतं. "कोण घेतंय ते दिसत नसंल तर आपुन कोयता न्हाई, मढं इकतोय," तो म्हणाला होता.

"पडलंच मढं तर माझ्या नावावर घाला," विमलबाईही इरेला पेटली होती.

त्यानंतर पंधरा दिवस तो बायकोशी बोलला नाही. लेकीशी तेवढा बोलायचा. विमलबाईने घण मारून पातं उतरवलं की तो ते मागच्या खोलीत न्यायचा आणि खोक्यात स्वतःच भरायचा.

आता कोयता वर गेला.

"हात न्हाई, मालक! पाया पडते!" विमलबाई ओरडली.

घाव बसला. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. गहिनीनाथ गुरासारखा हंबरला. दुसरा घाव मनगटावर बसला, तिसरा त्याच्याही वर. विमलबाईने डोळे मिटले नाहीत. हे दुकान आपण मागून घेतलं, तर बघायलाही आपणच पाहिजे, असं तिला वाटलं. लोहाराचा हात गेला की लोहार संपला, आणि तो आपल्या पायी संपला, एवढंच तिच्या डोक्यात घुमत होतं.

पण हात गेला नाही. तो काळानिळा पडला, सुजला, बोटं वेडीवाकडी झाली, कातडी एका जागी फाटून रक्त आलं, तरी हात मनगटाला होता. अमरसिंहाला धाप लागली. त्याने कोयता उलटसुलट करून बघितला आणि आता कुठे पात्यावरून अंगठा फिरवला. गड्यांची पकड सैल झाली. गहिनीनाथ ऐरणीच्या बुडाशी घसरून बसला, मोडका हात मांडीवर घेऊन. दात आवळून धरले होते, पण बोलला.

"दुकानात कोयत्याच्या फोटूखाली लिव्हलंय की, मालक. मनिषानं मोठ्या अक्षरात लिव्हलंय. ऑनलाइनवाल्याला आमी धार लावून देत न्हाई. ऊस तोडणारा आपली धार आपुन लावतो, त्याला शिकवावं लागत न्हाई."

विमलबाई नवऱ्याकडे बघत राहिली. त्या पंधरा दिवसांत बापलेकीचं काय शिजलं होतं ते तिला आत्ता कळलं. आपल्याला सांगितलं नाही म्हणून तिला राग आला, आणि त्याच क्षणी त्या हट्टी माणसासाठी तिचा ऊर भरून आला.

"हसतो व्हय बे!" अमरसिंह किंचाळला. गहिनीनाथ हसत नव्हता, वेदनेने त्याचं तोंड वाकडं झालं होतं. अमरसिंहाने कोयता पुन्हा उगारला, ह्या वेळी डोक्यावर.

विमलबाई उठली. कशी उठली ते तिचं तिला कळलं नाही. भिंतीच्या फटीत तिचा स्वतःचा कोयता खोवलेला असे. त्याने तिने नऊ हंगाम ऊस तोडला होता आणि रोज सकाळी फडात कानस मारून त्याला धार लावली होती. तो उपसून ती नवऱ्याच्या आणि अमरसिंहाच्या मधे येऊन उभी राहिली. दारातला मोबाइल हळूच खाली आला.

"ह्याला हाय, मालक," ती म्हणाली.