तक्रार क्रमांक एक

बेल वाजली, तेव्हा ती आपलीच आहे हे शेगुलाबाईंना आधी कळलंच नाही. साठ वर्षं ती नुसती धूळ खात होती. दारात नगरपालिकेचा कारकून घाम पुसत उभा होता, काखेत ही जाडजूड फाईल.

“आजी, तक्रार क्रमांक एक तुमचीच ना?”

त्यांचीच. रेवदंड्याहून इस्राएलला आल्या, त्याच वर्षीची. नेगेवच्या वाळवंटात तेव्हा सहा घरं होती, त्यातली पाच रिकामी. नवरा दिवसभर खाणीत. ‘बोलायला माणूस नाही,’ एवढंच त्यांनी लिहून दिलं होतं.

कारकुनाने खिडकीबाहेर बोट दाखवलं. “तेव्हापासून आम्ही माणसं आणतोय! मोरोक्कोची आणली, रशियाची आणली. त्यांच्यासाठी कारखाने काढले, चौदा मजली इमारती उठवल्या, तीन मॉल झाले. चाळीस हजार माणसं झाली, आजी! शहर वाढवून वाढवून जीव मेटाकुटीला आलाय. एक सही करा, म्हणजे तक्रार मिटेल आणि आम्ही थांबू.”

शेगुलाबाईंनी फाईल बाजूला सारली आणि गवती चहाचं आधण ठेवलं. “एवढ्या वर्षांत ही बेल वाजवणारा तू पहिला. बस. तुझी आई कशी आहे?”

आईबद्दल सांगता सांगता त्याचा तिसरा कप संपला.

“आजी, सही?”

“उद्या ये. घावनं करते.”

कारकुनाने सुस्कारा टाकून फोन लावला. “साहेब, नाही झाली सही. चालू ठेवा.”

समोरच्या माळावर थांबलेली क्रेन पुन्हा हलू लागली.