राहिलेलं गाणं

खळ्‌कन कडी वाजली. सासूबाई गेल्यापासून दिवसभर खोलीत पडून असणारे सासरे बाहेर आले आणि टीव्हीसमोर बसले. जुना, प्रेमाचा, विनोदी सिनेमा तिने लेकीसोबत आवाज बंद करून लावला होता.

"आवाज वाढव की!"

विनोद होण्याआधीच ते हसायला लागले. कितीदा पाहिला असेल यांनी? बसू देत असेच, तिला वाटलं. तेवढ्यात गाणं सुरू झालं, नायक-नायिका झाडाआड गेली, पडद्यावर दोन फुलं एकमेकांना भिडली. तिने संकोचून चॅनल बदलायला रिमोट उचलला.

"राहू दे गं. हे गाणं आम्ही कधी पाहिलंच नाही. वडील समोर असायचे. मग मी पाणी प्यायला उठायचो, ही पोळ्या लाटायला."

गाणं संपेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

चार वर्षांच्या शर्वाने तिची ओढणी ओढली. "आई, मग आजीला कधी दाखवायचं?"