दारात बसवलेली आई

“तुमी त्या आईला दारात बसवून निघालात, मिस्ये,” सत्यवती साहेबाला इथल्या फ्रेंच वळणाने हाक मारून म्हणाली. “ही कुठली रीत?”

साहेब बैठकेच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, पायरीवर बूट चढवत होता. सांस्कृतिक खात्याचा माणूस, राजधानीहून सरकारी गाडीने आलेला. कांप दे मास्क गावच्या मराठी लोकांना बंगाली फिल्म दाखवण्याचं पुण्य त्याने रविवारच्या दुपारी पदरात पाडून घेतलं होतं आणि आता त्याला घाई होती. साखर कारखान्याच्या मॅनेजरकडे चहाचं आमंत्रण होतं.

बैठकेच्या खिडक्यांवर अंधारासाठी लावलेली गोणपाटं अजून तशीच होती. आत पांढऱ्या चादरीसमोर बाया मांडी घालून बसलेल्या, एकही उठली नव्हती. चपला बाहेर, चादरीपाशी उदबत्ती, आणि घरून करून आणलेला शिरा, पातेल्यावर केळीचं पान. साहेब हे बघून सुरुवातीलाच हसला होता. मग त्याने भाषण ठोकलं. ही फिल्म म्हणजे काय चीज आहे, परदेशात तिला केवढा मान मिळाला, गावच्या माणसाने असली कला बघून सुधारलं पाहिजे. बाया माना हलवत राहिल्या. त्यांना एवढंच उमगलं की कथा मोठी आहे.

आणि कथेची रीत इथे पणज्यांपासून एकच. बसलं की पुरी होईपर्यंत उठायचं नाही. प्रसाद नंतर. अर्धी टाकलेली कथा ऐकणाऱ्याच्या घरी जाऊन पुरी होते.

आधी शेजारच्या हिराने नाक मुरडलं होतं. नाच नाही, गाणं नाही, हिरो म्हणावा तर त्याला मिसरूड फुटलेलं नाही. बंगाली कुणाच्या बापाला येत होतं? पण चादरीवरचा पोरगा शिकायला कलकत्त्याला गेला, आई गावात एकटी राहिली, आणि हिराची बडबड थांबली. एवढं कळायला भाषा लागत नाही. सुट्टीत आलेल्या पोराला घरात करमेना. आईच्या अंगात ताप मुरत गेला आणि तिने ते पोराला कळू दिलं नाही. त्याची परीक्षा होती.

“सत्यवती, ही तर तूच ग,” हिरा कानाशी लागून म्हणाली होती.

सत्यवतीने लुगड्याने पाय झाकून घेतले. दिवाळीपासून ते सुजत होते. दवाखान्यातल्या डॉक्टरने छातीला नळी लावली, स्वतःशीच फ्रेंचमध्ये पुटपुटला आणि मोठ्या इस्पितळात जा म्हणाला. ती गेली नाही. लेकाला, नवीनला, बोलली नाही. नवीन वर व्हाकोआ शहरात मामाकडे राहून मास्तरकी शिकत होता. या बेटावर कुठूनही कुठेही निघा, दोन तासांत समुद्र आडवा येतो. तरी गणपतीला तोंड दाखवून गेलेल्या पोराला, होळी आली तरी, आईच्या घरची बस सापडली नव्हती. विचारलं कुणी, की ती सांगायची, अभ्यास फार असतो त्याला.

चादरीवरची आई दारात टेकून बसली. लांबून आगगाडी गेली. ती वाटेकडे बघत राहिली.

आणि साहेबाने चुटकी वाजवली. शेवटचं रीळ राहू दे, म्हणाला मशीनवाल्या चंद्रमोहनला, पुढे नुसतं रडगाणं आहे, ह्यांना झेपायचं नाही. जन्मभर ऊस तोडलेल्या, नवरे जाळून आलेल्या बायांना काय झेपतं, हे त्याने घड्याळात बघून ठरवलं.

आता एक बूट पायात, एक हातात, असा त्याने सत्यवतीकडे वर पाहिलं.

“मावशी, फिल्म आहे ती. पोथी नाही.”

तिच्या हातातल्या पातेल्यातून तुपाचा वास येत होता. साहेबाने बूट खाली ठेवला आणि हसत ओंजळ पुढे केली.

सत्यवतीने पान उचललं नाही. “कथा पुरी झाल्याबिगर प्रसाद वाटत नाहीत.”

“अहो, झालीच की. फिनी. संपल्यातच जमा.”

“मग सांगा. पोरगा आला काय?”

त्या फिल्मवर एवढा वेळ भाषण ठोकणाऱ्याने ती शेवटपर्यंत पाहिलीच नव्हती. साहेबाची ओंजळ अजून पुढे होती. ती त्याने हळूच मागे घेतली, विजारीला पुसली आणि चंद्रमोहनकडे पाहिलं.

चंद्रमोहन रिळांचे डबे गाडीत भरत होता. मागच्या रविवारी रोझ बेल गावात त्याने हीच फिल्म पुरी दाखवली होती. साहेब तेव्हा बरोबर नव्हता. चंद्रमोहनने नजर खाली वळवली, तर पायरीवर सत्यवतीचे पाय दिसले. अनवाणी, फुगलेले. त्याने शेवटच्या डब्याचं बंद झाकण उगाच पुन्हा आवळलं.

“येतो ना, येतो,” साहेब घाईने म्हणाला. “आईचा लेक आहे, न येऊन जातो कुठे? चला, चंद्रमोहन.”

सत्यवती साहेबाकडे बघतही नव्हती. पातेलं छातीशी धरून ती पायऱ्या उतरली, एकेक, कठड्याला टेकत, आणि गाडीचं मागचं दार अडवून उभी राहिली. साहेब बेटाच्या क्रेओल बोलीत काहीबाही ओरडला. ती हलली नाही. बैठकेच्या दारात हिरा येऊन थांबली, तिच्यामागे बाकीच्या.

“साहेबाला ठाऊक नाही. मशीन तू चालवतोस, तू बघितलंस,” सत्यवती चंद्रमोहनला म्हणाली. “ती आई जिती होती तवर पोरगा पोचला काय? खाली बघू नको. माझ्याकडे बघ, आणि सांग.”