दौलतचा हात

तुम्ही ऐकत होतात, साहेब. फोन शेवटपर्यंत तुमच्या कानाला होता. नूर मोहम्मदला मारणाऱ्यांत तुम्हीही आहात.

चौऱ्याऐंशीचा मे. शुक्रवार, म्हणून लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद. रहमतुल्लाशेठच्या कारखान्यात दोन लूमच्या मधल्या बोळात वीसेक माणसं उभी राहून गात होती. लूमवरचे कामगार, सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका, बुद्धविहारातल्या पोरी. गाणं दौलतनं बांधलेलं. दौलत भिवंडीचाच, आता परदेशात आपल्या वकिलातीत मोठा अधिकारी. दिवसभर दोन देशांची भांडणं मिटवायची आणि घरी येऊन चार आवाजांची गाणी रचायची, हा त्याचा संसार. सुट्टीवर आला की ती गावाकडून गाऊन घ्यायची. या गाण्याची पहिली ओळ होती, 'आम्ही इथलेच.'

ती ओळ एकट्या नूर मोहम्मदची. लूमच्या खडखडाटानं म्हाताऱ्याचे कान कधीच गेले होते, पण खर्ज असा की पायाखालची लादी थरथरायची. तो दौलतचा हात बघून गायचा. हात वर गेला की सुरू, खाली आला की बंद. लांब स्वराला मात्र डोळे मिटायचा. दौलत खुणेनं सांगे, "चाचा, डोळे उघडे ठेवा."

"डोळे उघडे ठेवून इतकं खाली उतरता येतं काय रे?" म्हातारा हसायचा.

नाक्यावर दंगल पेटली, आरडाओरडा झाला. जळक्या टायरचा वास आला. दौलतनं कारखान्याच्या ऑफिसातून तुम्हाला पोलीस चौकीवर फोन लावला.

"आत मुसलमान आहेत, बायका आहेत. जमाव इकडंच येतोय."

"तुम्ही तर बोलणी करणारी माणसं," तुम्ही म्हणालात. "गुंतवून ठेवा त्यांना. गाडी निघालीय."

दौलतनं विश्वास ठेवला. लाइन चालू राहू दे म्हणाला, रिसीव्हर टेबलावर ठेवला. बहिणीला, कलावतीला, मेन स्विच ओढायला लावला आणि दारात जाऊन उभा राहिला.

आत अंधार झाला. सगळे लूमच्या आडोशाला बसले. मागं नूर मोहम्मद उभाच. लाइट रोजच जायची. त्याला वाटलं, आजही गेली.

जमावाच्या पुढं होता कशेळी गावचा विठू. हातात लोखंडी पाइप.

"दादा, बाजूला हो. आत कोन हाय?"

"कोणी नाही. आज लूम बंद असतात, तुला माहीत नाही? विठू, तुझ्या हळदीला ढोलकीवर मी होतो. घरी जा."

मागून दगड आला. दौलतनं हात वर केला. "थांबा! ऐका तरी!"

दारातल्या उजेडात नूर मोहम्मदला तेवढा हातच दिसला.

"आम्ही इथलेच..."

विठूनं आवाज ओळखला. "हा तं चाचा. माज्या हलदीला ढोलकी तुजी, पन गायला ह्योच व्हता." तो हसला. "कोनी न्हाय म्हनतो, खोटारडा."

कलावतीला कळलं, एकटा आवाज सापडणार. ती उठली आणि पुढची ओळ ओरडून गायली. तिच्यामागून सगळेच. महिनाभर घासून जे जमलं नव्हतं ते तेव्हा जमलं. एकही आवाज वेगळा निघेना. विठू दारात अडखळला. कोण कुठं, काही कळेना.

त्यानं पाइप दौलतच्या वर केलेल्या हातावर घातला. हाड मोडलं. हात खाली आला.

शिकवल्याप्रमाणे सगळे गप्प झाले.

एक सोडून. नूर मोहम्मदचे डोळे मिटलेले होते.

विठू त्या स्वराच्या रोखानं आत गेला. पहिला घाव तोंडावर बसला. स्वर तुटला, पाइप थांबला नाही. लूमवरचं पांढरं सूत लाल झालं. मग टोळी पुढच्या गल्लीत गेली.

कलावतीनं म्हाताऱ्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं. ऑफिसात गेली. रिसीव्हर उचलला. पलीकडं पंख्याची घरघर. कपबशी वाजली.

"साहेब, तुमची चौकी या खिडकीतनं दिसते. गाडी तुमच्या दारातच उभी हाय. निघाली म्हणालात ती कुठली? बोला. मी फोन ठेवणार न्हाय."