जाऊन राहिलो

प्रतिक्षाचं लग्न झालं त्या वर्षीचा सप्टेंबर. साकोलीच्या खालच्या वस्तीत तलावाचं पाणी शिरत होतं, आणि त्या वस्तीचा नकाशा पुण्यात प्रतिक्षाच्या थोरल्या बहिणीसमोर, तृप्तीसमोर, उघडा होता.

वाढती लहान शहरं पुरात तगतील कशी, हे शोधायला पुणे, इंदूर आणि बंगळुरूच्या अभ्यासकांनी मिळून काम मांडलं होतं. वस्तीतून फोन यायचा, नकाशावर रंग चढायचा. माणसं हलली की हिरवा, अडकली की लाल. लाल दिसेल तिकडे बोट निघायची. साकोलीत बोट एकच होती. नमुन्याला साकोली घ्या, हा हट्ट तृप्तीचा. खालच्या वस्तीतून फोन करायचं काम तिच्या वडिलांनी, बाबुलालनी, हौसेनं घेतलं होतं.

पहिल्याच बैठकीत ते फोनवर बोलले तेव्हा कोणीतरी हसलं. तृप्तीचे कान तापले. संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, सगळ्यांसमोर शुद्ध बोलत जा ना."

"तुही पुण्याची मराठी माह्या दातात अटकते, बाई," ते हसले. "पण बोलीन. तुह्या इज्जतीचा सवाल हाय."

आणि बोलायला लागले. 'मला', 'कशाला', 'आहे'. नव्या चपला घालून चालावं तसे, एकेक शब्द जपून. त्यांची बायको पंचफुला चिडवायची, "साहेब होऊन राहिले जी तुम्ही!"

त्या सकाळी फोन वाजला. मागे पाण्याचा आवाज होता.

"बाबा, वस्ती हलली का?"

"हो. आम्ही सगळे शाळेत जाऊन राहिलो."

'सगळे' म्हणाले, 'सारे' नाही. म्हणजे बाबा शुद्ध बोलत होते. शाळेत गेले, तिथे राहिले. तृप्तीनं श्वास सोडला.

"खालची वस्ती?" इंदूरहून भुपेंद्रनं विचारलं.

"पोचली," ती म्हणाली, आणि वस्तीवर हिरवा रंग चढवला. बोट गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिन्ही शहरांत साकोलीकडच्या, झाडीपट्टीच्या बोलीचा कान असलेली ती एकटीच होती. तिला कोण टोकणार?

दोन दिवसांनी ती साकोलीला आली. पंचफुला अजून शाळेतच होती, वर्गाच्या भिंतीला टेकून.

"आई, बाबा तर म्हणाले होते, शाळेत जाऊन राहिलो."

"मंग? जाऊनच त राहिलो होतो, माय. मी पुढं, ते मागं. म्हातारी तुळसाबाई त्यांच्या पाठीवर. पाणी मांडीला लागलं होतं." पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. "जाऊन राहिलो म्हणजे काय, हेबी समजत नाही काय तुले आता?"

समजत होतं. लहानपणी आईनं हाक मारली की तृप्ती लांबूनच ओरडायची, "येऊन राहिली वो!" तेव्हा ती घरी पोचलेली नसायची. रस्त्यात असायची.

तुळसाबाईला लोकांनी ओढून काढलं. बाबुलाल त्याच सकाळी, त्या वर्षीच्या बारा सप्टेंबरला, पाण्यात वारले. शाळेत जाऊन राहिले होते.