मागच्या दारची विहीर

ठाण्याला आगगाडी येऊन वीसेक वर्षं झाली होती, पण नळ अजून कुणाच्या स्वप्नातही नव्हता. चेंदणीच्या कोळीवाड्यातली बायजा साठी उलटली तरी रोज सकाळी कमरेवर घागर घेऊन पार तलावाजवळच्या विहिरीवर जायची. एक घागर भरायला तिला दोन तास लागायचे, कारण तिथं जनी, गोदा अशा साताठ म्हाताऱ्या जमायच्या आणि समद्या गावाच्या सुनांची झडती घेऊनच उठायच्या.

"आये, या वयात तुला पाणी भरायला लावतो म्हणून लोक माझ्या तोंडात शेण घालतात," असं म्हणत तिच्या मुलानं, मासळी खारवून विकणाऱ्या धाकूनं, मागच्या दारी विहीर खणली. पाणी लागलं, तेही अगदी साखरेसारखं.

बायजा घरी बसली. महिन्याभरात तिचे गुडघे धरले, अन्नावरची वासना उडाली, आणि बोलायला कुणी नाही म्हणून ती मांजराशी भांडायला लागली.

मग एका सकाळी विहिरीचं पाणी खारट लागलं. धाकूनं कपाळावर हात मारला, "खाडी शिरली गं आये!"

"देवाची मर्जी, दुसरं काय," म्हणत बायजानं घागर उचलली आणि तरण्या पोरीसारखी तरातरा निघाली.

विहिरीवर जनी तिची वाटच बघत होती. बायजाला बाजूला ओढून ती कानात म्हणाली,



"अगं, माझ्या पोरानंही कालपासून विहीर खणायला घेतलीय. तुझ्याकडं मीठ उरलंय का गं?"